धोंड्याच्या महिन्यातली डबलसीट

अत्यंत गंभीर स्वरूपाचं एक निवेदन आज मला करायचं आहे. वाचकांनी शक्यतो बसून घ्यावं. रक्तदाबवाल्यांनी पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा आणि ज्यांच्या घरात कुणी फौजेत आहे त्यांनी दार लोटून घ्यावं, कारण ही बातमी बाहेर फुटली तर सातारा जिल्ह्याची अब्रू जाईल. निवेदन असं : भारतीय सैन्याचा एक जवान, ज्यानं बर्फात पहारे दिले, तीनटनी ट्रक घाटात उलटा चालवून दाखवला आणि एकदा भर मेसमधून साप शेपटीला धरून बाहेर नेला, त्या जवानाला सायकल येत नव्हती.

हा जवान म्हणजे आमचे हे.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी चार बुकं शिकलेली आहे, सांगलीला आल्यापासून सभेत उभी राहून बोलतेसुद्धा, पण ती सवय काही सुटली नाही. आणि एकट्या यांचंच नाव गाळायचं म्हणजे अन्याय, म्हणून या हकिकतीत मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. गावाचंही नाही. गाव अजून तिथंच आहे आणि गावाला सगळं आठवतं.

यांची परवानगी घेतली का, असं कुणी विचारेल. हे या घटकेला विश्रामबागेतल्या आमच्या घरात, मागच्या खोलीत पेपर वाचत बसले आहेत. "काय लिहितीयास?" म्हणून मगाशी हाक मारली. मी म्हटलं, "वाणसामान."

माझं माहेर सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, पावसानं पाठ फिरवलेल्या पट्ट्यात. पुण्याहून मिरजेकडं जाणारी छोटी लाईन आमच्या गावावरून जायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्या लाईनीवर गँगमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रूळ बघत चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूचे रूळ बघत चालत यायचं, अशी नोकरी. गावाला स्टेशन होतं, दगडी फलाट होता, पण मान नव्हता. पॅसेंजर थांबायची, मेल थांबायची नाही. मेल यायच्या वेळेला आबा बाजूला ताठ उभे राहून हिरवं निशाण धरायचे, आणि मेल त्यांच्या तोंडावर धूर सोडून निघून जायची. तरी घरी आल्यावर "आज मेल लय झ्याक गेली" असं सांगायचे, जणू मेल त्यांची सोयरी होती.

मग मोठी लाईन आली. ती पलीकडच्या अंगानं गेली आणि आमचं स्टेशन लग्नात मानपान न मिळालेल्या आत्यासारखं एकटं बसून राहिलं. रूळ उचलून नेले. लाकडी स्लीपरांचा लिलाव झाला. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्या लाकडाच्या आहेत. त्यातल्या लिलावात घेतलेल्या किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

मागं राहिला तो बांध. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळं हा बांध डोंगर आला तरी वळून जायचा, ओढा आला तरी उंचावरून जायचा, पण आपली पातळी सोडायचा नाही. बैलगाडीच्या रस्त्यानं सायकल मारली की हाडं मोजून घ्यावी लागत. बांधावर मात्र तीच सायकल लोण्यावरून सुरी जावी तशी जायची. गावातली सगळी पोरं तिथं सायकल शिकली. आणि एक पोरगी. भावाची सायकल, नळीखालून तिरका पाय घातलेला, मागं आईच्या शिव्या, अशी मी शिकले. पुढं हायस्कूललाही त्याच बांधावरून गेले.

दुष्काळाच्या साली बांधाखालच्या ओढ्यावर सरकारी काम निघालं, पाझर तलावाचं. सगळ्या गावानं तो खणला. आईनं घमेली वाहिली, मी वाहिली. खणताना कुणाचाच विश्वास नव्हता की यात कधी पाणी दिसेल. बाया म्हणायच्या, हे आपण आपल्यालाच पुरायला खणतोय. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं आणि थेट जुन्या लाईनीच्या पायथ्याला टेकलं. ज्या ठिकाणी आगगाडीचा धूर वळायचा त्या ठिकाणी आता बगळे वळायला लागले.

त्यानंतरच्या वैशाखात माझं लग्न झालं. आणि लग्नात नवरदेव रुसला.

हे रुसणं म्हणजे काय, ते नवीन लोकांना सांगायला हवं. आमच्याकडं जेवणाच्या पंगतीत नवरदेवानं ताटाला हात लावायचा नाही. सासऱ्यानं येऊन विचारायचं, काय चुकलं? मग नवरदेवानं काहीतरी मागायचं आणि सासऱ्यानं द्यायचं. चांगली चाल नव्हे, पण होती. आता आमच्या नवरदेवाला रुसण्याची कला अजिबात अवगत नव्हती. सकाळपासून उपाशी, समोर गरम बुंदी, आणि हात पुढं गेला तोच शेजारी बसलेल्या थोरल्या चुलत्यांनी मनगट धरलं. मी दोन पाट सोडून बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

"रुस," चुलते म्हणाले.

"कशापायी?"

"कशापायी म्हंजी? रुसायचं आसतंय. मी रुसलो, तुझा बा रुसला."

"आन् मागायचं काय?"

"त्ये मी बघतो. तू निस्ता भिताडाकडं तोंड कर."

फौजी माणूस. वरिष्ठाचा हुकूम. यांनी पाटावरच बसल्या बसल्या भिंतीकडं तोंड केलं, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. इतकं शिस्तीत रुसलेला नवरदेव मी पुन्हा पाहिला नाही.

आबा हात जोडून आले. "काय चुकलं आमचं, पावणं?"

"पोरगं सायकल म्हनतंय," चुलत्यांनी सांगून टाकलं. मला मागून यांचे फक्त कान दिसत होते. ते लाल झाले.

आबांनी आधीच ओळखलं होतं. काळी कुळकुळीत सायकल, हँडलला फुलांची माळ घालून, शेजाऱ्यांच्या पडवीत उभी केलेली होती. ती मांडवात आली. बायांनी ओवाळली. आणि मग आबा सगळ्या मांडवासमोर यांना म्हणाले, "सायकल दिली. आता माझंबी एक मागणं हाय. उभा जलम मी त्या लायनीवर पायी चाललो. गाड्या शेजारनं गेल्या, आपण कवा बसलो न्हाई. एकदा मला ह्या सायकलीवर मागं बसवा आन् तळ्याच्या कडंनं जुन्या लायनीवरनं फिरवून आना. बास, दुसरं कायबी नगं."

"जी, मामा," हे म्हणाले. अजूनही भिंतीकडंच तोंड होतं.

टाळ्या झाल्या. मग फोटो. आणि त्या फोटोच्या वेळेला माझी नजर यांच्या पायांवर गेली. सायकल येणारा माणूस नेहमी सायकलीच्या डाव्या बाजूला उभा राहतो. त्याला कुणी सांगत नाही. पाय आपोआप तिकडं जातात, कारण तिथूनच टांग मारायची असते. हे उजव्या बाजूला उभे राहिले. आणि हँडल असं धरलं, की जणू ती आत्ता लाथ मारील.

मी ओळखलं. आणि गप्प बसले, कारण नव्या नवरीनं लग्नाच्या दिवशी बोलायचं नसतं. आमच्या काळातला तो एकुलता एक सोयीचा नियम.

दोष यांचा नव्हता. सासर म्हणजे पश्चिमेकडच्या डोंगरातलं गाव. घर सोडलं की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की ओढा, ओढा संपला की चढण. तिथं सायकल चालवायची म्हणजे आधी ती डोक्यावर घेऊन खाली उतरावं लागलं असतं. हे तिथंच वाढले आणि मिसरूड फुटायच्या आत भरती झाले. फौजेत एकतर चालायचं नाहीतर ट्रकमध्ये बसायचं. मधली पायरी राहूनच गेली.

सायकल सासरी माजघरात भिंतीला टेकून उभी राहिली. सासूबाई रोज तिला हळदकुंकू लावायच्या. एक कोंबडी सीटवर बसायला शिकली. हे हळद निघायच्या आत ड्यूटीवर गेले आणि मी त्या सायकलीच्या हँडलवर ओल्या साड्या वाळत घालत राहिले.

त्याच वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला सासुरवाडीला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे, देवासारखं पुजायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा तर कुणी चुकवत नाही. हे सुट्टीवर आले तसा माझा भाऊ न्यायला हजर.

"दाजी, सायकल घेऊनच या," भाऊ म्हणाला. "तळं तुडुंब हाय. आबा रोज इचारत्यात, कवा फिरवनार म्हनून. सगळं गाव फलाटावर उभं ऱ्हानार हाय."

"सगळं गाव?" यांनी विचारलं.

"हलगीबी सांगितलीया."

भाऊ निरोप देऊन पुढं गेला. दोन दिवसांनी आम्ही निघालो. सासूबाईंनी व्याह्यांसाठी डोंगरातली वाणगी दिली : नाचणी, हातसडीचे तांदूळ, आणि एक तवसं. तवसं म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी. ही इतकी मोठी होती की तिला फडक्यात गुंडाळून कडेवर घ्यावं लागलं. सायकल एस.टी.च्या टपावर चढली. साताऱ्याला गाडी बदलली, पुन्हा टपावर. वाटेत हे एकदाही बोलले नाहीत. लढाईवर जातानासुद्धा माणूस बिडी मागतो.

बाजाराच्या गावी उतरलो. तिथून जुनी लाईन माझ्या माहेरच्या दारात जाते. बाजारातून हे सायकल हातात धरून चालले. एक पानवाला यांचे बारीक कापलेले केस बघून म्हणाला, "फौजी, बसा की सायकलीवर!" तर हे गंभीरपणे म्हणाले, "नवी हाय. आधी जरा चालवून घ्यावी लागती."

वस्ती मागं पडली. बांधावर चढलो. उजव्या हाताला बाजरी, डाव्या हाताला पाणी. नुसतं पाणी. मी जिथं घमेलं उलटं करून बसायचे ती जागा शोधत होते आणि तिथं पाणकोंबड्या फिरत होत्या. बुडालेल्या बाभळी कमरेपर्यंत पाण्यात उभ्या, त्यांच्या शेंड्यावर सुगरणींची घरटी. जुना सिग्नलचा खांब गंजून तांबडा झालेला, त्याचा हात कायमचा खाली पडलेला. म्हणजे रेल्वेच्या भाषेत, लाईन मोकळी आहे, या.

यांनी सायकल त्या खांबाला टेकवली आणि सावधान उभे राहिले.

"एक सांगायचं हाय."

"सांगा की."

"मला ही येत न्हाई."

"ठावं हाय."

हे चपापले. "कवापास्नं?"

"फोटू काढला तवापास्नं."

"आन् तू बोलली न्हाईस?"

"तुमी रुसला व्हता न्हवं?"

हे आधी माझ्याकडं बघत राहिले आणि मग जे हसले, की बाभळीवरचे बगळे उठले. लग्न झाल्यापासून यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दात फार चांगले होते. (अजून आहेत, चार सोडून.) मग एकदम हसू गेलं आणि म्हणाले, "थट्टा न्हाई. मामांना सबूद दिलाय म्या. मांडवात. तेवढं एकच मागितलं त्यांनी."

मला तेव्हा या माणसाची खरी ओळख झाली. गाव हसेल याची यांना फिकीर नव्हती, म्हणजे होती, पण पोटाच्या वरच्या कप्प्यात. खालच्या कप्प्यात माझे आबा होते.

"आत्ता शिकवते," मी म्हटलं.

आणि त्या बांधावर माझी शाळा सुरू झाली. मी तवसं बाजरीच्या कडेला निजवलं, पदर खोचला, मागून कॅरेज धरलं. हे स्वतःला हुकूम देत शिकायला लागले. "पाय उचल! आगे बढ!" आणि धाडकन बाजरीत. पुन्हा. "नजर सामने!" आणि पुन्हा बाजरीत. पाण्याच्या बाजूला पडायचं नाही, हे मात्र पक्कं होतं, कारण अंगावर परीटघडीचे पांढरे कपडे होते. तासाभरानं हे सरळ जायला लागले. अगदी सरळ. आगगाडीसारखे. मी मागून हात सोडला तरी कळलं नाही. मग सायकल आपोआप मंदावली की आडवे व्हायचे.

पण ऊन डोक्यावर आलं होतं. तिकडं पुरण शिजलेलं, हलगी तापलेली. असं पडत-उठत गेलो असतो तर दिवाळीला पोचलो असतो.

"उठा," मी म्हटलं. "मागं बसा."

"कोन?"

"तुमी."

"आन् हाकनार कोन?"

मी नऊवारी नेसले होते. तिला लोक जुनाट म्हणतात, पण सायकलीसाठी तिच्यासारखं वस्त्र शोधून सापडणार नाही. टांग टाकली. हे इकडं बघ, तिकडं बघ, मग पिशवी खांद्याला अडकवून, मांडीवर तवसं घेऊन, कॅरेजवर बसले.

वाचकहो, मी पुढं आगगाडीनं दिल्लीपर्यंत गेले आहे, पण तसा प्रवास पुन्हा झाला नाही. वारा पाठीमागून. खडी जाऊन माती बसलेली, तिच्यावर बारीक गवत, आणि चाकाखाली नुसता सुर्रऽऽ आवाज. बांध वळायचा तसं पाणीही आमच्याबरोबर वळायचं. एक खंड्या पुढं पुढं उडून दर खेपेला पुढच्या बाभळीवर बसायचा आणि आम्ही पोचलो की पुन्हा उडायचा, जणू वाट दाखवायला नेमलाय.

आणि हे बोलायला लागले! समोरासमोर ज्यांच्या तोंडातून "व्हय" आणि "न्हाई" पलीकडं शब्द निघत नव्हता, ते माझ्या पाठीशी बोलायला लागले. पाठीला तोंड नसतं, त्यामुळं बरं पडत असावं. बर्फात पहिल्यांदा पाय बधिर झाला तेव्हा आई आठवली ते सांगितलं. लंगरचा आचारी भाकरीला रोटी म्हणतो आणि कागदासारखी पातळ करतो ते सांगितलं. लग्नात ती बुंदी शेवटपर्यंत मिळालीच नाही, रुसवा निघेपर्यंत संपली होती, हेही सांगितलं. मोरीपाशी चाक दगडावरून उडालं तेव्हा यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दिवसाढवळ्या. उघड्यावर. मोरी मागं पडली तरी तो हात तिथंच होता. पुढं दोन-तीन दगड मी मुद्दाम चुकवले नाहीत.

एका वळणावर मेंढरं आडवी आली. धनगर म्हातारबा घोंगडं पांघरून उभे. त्यांनी मला बघितलं, मागं यांना बघितलं, मांडीवरचं तवसं बघितलं.

"आवं पावणं, ह्ये काय? बाई हाकतीया आन् बाप्या बसलाय?"

"पायाला लागलंय," हे पटकन म्हणाले.

"लढाईत?"

"...व्हय."

"मग घोंगड्यात घालून पोचवू का? चार गडी बोलावतो."

"न्हाई न्हाई, बरं वाटाया लागलंय आता," असं म्हणून यांनी मला मागून हळूच ढोसलं. मी पायडल मारलं.

शेवटचं वळण आलं. त्याच्यापुढं फलाट दिसतो, म्हणजे फलाटावरून आम्हीही दिसणार. मी उतरले. ठरलं असं की हे सीटवर बसतील, मी ढकलून सोडीन आणि मागून चालत येईन. रस्त्यात नवऱ्यामागं बसायला बायको लाजली, असं सांगायचं. बेत उत्तम होता. त्यात एकच भोक होतं. सकाळपासून मी यांना चढायला शिकवलं, सरळ जायला शिकवलं. थांबायला आणि उतरायला शिकवायचं राहून गेलं होतं. प्रत्येक वेळी बाजरीनं थांबवलं होतं ना!

हे मला आठवलं तेव्हा हात सुटलेला होता.

मी तवसं कडेवर मारलं आणि पळत सुटले. वळणावरून बघते तर काय! सगळं गाव जुन्या फलाटावर उभं. हलगी कडाडतेय. आई आरतीचं ताट घेऊन पुढं, तिच्याशेजारी आबा, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. आणि हे बाणासारखे सरळ, मान ताठ, नजर सामने, वेग जराही कमी न होता, फलाटाला लागून आले... आणि गेले. आईच्या ताटासमोरून गेले. हलगीवाल्यासमोरून गेले. आबांनी जन्मभराच्या सवयीनं ताठ उभं राहून हिरवं निशाण धरल्यासारखा हात वर केला.

"आगं बया!" आई ओरडली. "ह्यो जावई हाय का मेल? थांबतच न्हाई आपल्याकडं!"

फलाटाच्या पुढं बांध तोडून तलावाचा सांडवा काढला होता. तिथं उतार, आणि उताराखाली पाणी. हे त्या उतारानं अलगद तळ्यात शिरले. पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि सायकल थांबली. पहिल्यांदाच कुणी न पाडता थांबली. हे तिला धरून पाण्यात उभे राहिले, छाती बाहेर, आणि जणू इथंच उतरायचं ठरलं होतं अशा आवाजात म्हणाले, "राम राम, मामा."

इकडं मी धापा टाकत पोचले, कडेवर फडक्यात गुंडाळलेलं तवसं. गर्दीतली एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "आगं बाई, वैशाखात लगीन न्हवं का हिचं? एवढ्यात?" फडकं उघडून दाखवावं लागलं.

भावानं आणि त्याच्या दोस्तांनी यांना आणि सायकलीला वर काढलं. कुजबुज सुरू झाली होती. कोपऱ्यात कुणी तरी फिस्सकन हसलं. आबांनी यांचे पाय बघितले. मग माझी साडी बघितली. नऊवारीच्या काठाला, थेट गुडघ्यापर्यंत, चेनचं काळं ऑइल माखलं होतं. आबांची नजर तिथं थांबली. रुळावरची ढिली खिळी ज्या नजरेला दिसायची तीच नजर.

"नव्या गाडीचं बिरेक ढिलं आसत्यात," आबा मोठ्यानं म्हणाले. "चूक माजीच. म्या तपासून द्यायला पायजे व्हतं."

लगेच सगळ्या गावाला पटलं. ब्रेक ढिले! त्यात जावयाचा काय दोष? उलट न पडता पाण्यात उभी नेली, फौजी म्हणूनच जमलं. मला वाटलं, सुटलो. आबांकडं बघितलं तर ते फेटा सारखा करत दुसरीकडं बघत होते.

यांना आबांचं कोरडं धोतर नेसवलं. पाटावर बसवलं. आईनं ओवाळलं, धोंडे वाढले, अनारशांची परडी पुढं ठेवली. या खेपेला कुणीही यांचं मनगट धरलं नाही आणि यांनी भिंतीकडं तोंड केलं नाही. हे जेवत होते आणि दारात अख्खी आळी उभी राहून जावई जेवताना बघत होती. सगळं कसं झकास चाललं होतं.

तेवढ्यात माझा भाऊ, देव त्याचं भलं करो, हातात पाना घेऊन दारात आला.

"दाजी, बिरेक घट्ट केलं! आता भित्ताडावर नेली तरी जागच्या जागी थांबल. जेवा सावकाश. मग आबांना घ्या मागं आन् तळ्याला येक फेरी हुंदे!"

"व्हय व्हय, फेरी! फेरी!" दारातली पोरं-बाया सगळीच ओरडायला लागली.

सगळ्यांत खराब गोष्ट म्हणजे आबा काही बोलले नाहीत. ते "राहू द्या" म्हणू शकले असते. त्यांना ऑइल दिसलं होतं. पण सायकल दारात उभी होती, तिच्या कॅरेजवर भावानं दुपदरी पोतं घालून मऊ बैठक केली होती, आणि आबा त्या पोत्याकडं बघत होते. मोठं माणूस मिठाईच्या दुकानासमोरून जाताना बघतं तसं. थांबायचं नाही, पण मान वळतेच. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "जेवूद्या त्यांना. कवातरी जाऊ. घाई न्हाई."

यांचा हात धोंड्यावर थांबला. मी चुलीपाशी उभी होते. डोळ्यांनी खुणावत होते : पाय! पायाला लागलंय म्हणा! धनगराला सांगितलंत तेच सांगा! यांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, दारातल्या गर्दीकडं बघितलं. पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता हे उठतात आणि आबांना घेऊन तळ्यात जातात.

आणि यांनी पुरणानं भरलेल्या तोंडानं, परेडवर हाक मारावी तशा खणखणीत आवाजात, सगळ्या आळीदेखत सांगून टाकलं :

"मामा, माझ्यामागं बसू नगा! मला येत न्हाई! तुमच्या लेकीच्या मागं बसा, म्या आत्ता तसाच आलोय, लय ग्वाड वाटतंय!"